गणपतीत रात्री केळकर म्युझियम उघडं ठेवायला काय हरकत आहे?

शनिपारकर
आधी काय झालं ते सांगतो, मग मुद्द्यावर येतो. २०२५ च्या गणपतीत नागपूरहून आत्तेभाऊ पुण्यात आला होता, वहिनी, दोन पोरं, सासूबाई असा सगळा लवाजमा घेऊन, खास देखावे बघायला. आता देखावे म्हणजे सगळं अंधार पडल्यावर, दिवसा मंडपाला पडदा टाकलेला असतो, त्यामुळे दिवसभर पोरं आमच्या घरी मोबाईलमध्ये डोकं घालून. साडेसातला मंडई स्टेशनला उतरलो आणि बाजीराव रोडला जे अडकलो ते अडकलोच. नातूबाग मंडळाच्या लायटिंगकडे सगळा रस्ता माना वर करून उभा. तेवढ्यात त्याची थोरली, वय वर्षं अकरा, मला विचारते, "काका, इथे म्युझियम आहे असं मॅपवर दिसतंय, आत काय आहे?"

मी सांगायला लागलो. चष्म्याचं दुकान असलेला एक कवी होता, दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचा, त्याचा राजा नावाचा मुलगा सात वर्षांचा असताना गेला आणि मग या माणसानं आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, दरवाजे, जे मिळेल ते जमवलं आणि त्या सगळ्याला मुलाचं नाव दिलं. पोरगी म्हणाली चला ना आत. कसलं चला! साडेपाचला बंद होतं ते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या दिवसांत या रस्त्यावरून वर्षातली सगळ्यात जास्त माणसं जातात, नेमकं तेव्हाच आपण कुलूप लावून बसतो. वीस हजारांवर वस्तू आहेत म्हणे त्यांच्याकडे, त्यातल्या अडीच हजार मांडलेल्या. गौरी विसर्जनानंतरचे चारपाच दिवस रात्री अकरापर्यंत उघडं ठेवा ना. त्या वर्षी मेट्रो रात्री दोनपर्यंत पळवली, शेवटचे काही दिवस स्पीकरला बारापर्यंत परवानगी असते, गणेशोत्सव आता राज्य महोत्सवसुद्धा झाला, मग एक म्युझियम साडेपाच तास जास्त उघडं राहिलं तर काय बिघडतंय?

पथकवाला
दादा भावना पोचल्या पण तुम्ही गर्दीचा अर्थच चुकीचा लावताय. ती गर्दी म्युझियमची नाहीये. गणपतीची आहे. मी गेली नऊ वर्षं ढोल वाजवतो, मला रस्ता आतून माहितीये. रात्री दहाला बाजीराव रोडवर दार उघडं ठेवलंत तर आत येणाऱ्या शंभरातले नव्वद जण एकच प्रश्न विचारणार, टॉयलेट कुठे आहे. उरलेले दहा सेल्फी काढणार. म्युझियममधल्या मस्तानी महालासमोर तर लाईनच लागेल, 'बाजीराव' म्हणून पोज देणाऱ्यांची.

आणि दुसरं, लोक दिवसभर ऑफिस करून बायकापोरांना घेऊन बाहेर पडतात ते काचेच्या पेट्या बघायला नाही पडत. त्यांना मोकळं फिरायचं असतं, भेळ खायची असते, ओळखीचे भेटतात. त्यात शिकवणी कशाला घुसवायची.

कोथरूडकाका
पथकवाला, टॉयलेटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण काचेच्या पेट्यांना नावं ठेवू नका. तुमच्या ताशाच्या आवाजानं त्याच काचा थरथरतात.

मूळ धाग्याबद्दल माझं मत उलटंच आहे. म्युझियम उघडं ठेवायची गरजच काय, देखावा हेच आपलं म्युझियम, फक्त दहा दिवसांचं. दगडूशेठनं २०२३ ला अयोध्येचं राममंदिर उभं केलं, २०२४ ला हिमाचलमधलं जटोली, २०२५ ला केरळचं पद्मनाभस्वामी. ज्या आजीला आयुष्यात केरळ बघायला मिळणार नाही ती बुधवार पेठेत उभी राहून ते शिखर बघते. आणि जिवंत देखावे! अफजलखानाचा वध बघताना आमच्या लहानपणी अंगावर काटा यायचा. दहा मिनिटांचा खेळ, पडदा पडला की खान उठून चहा प्यायचा आणि परत मरायला तयार. तिकीट नाही, पाच वाजता शिट्टी नाही. (सार्वजनिक गणपती कोणी सुरू केला, १८९२ की १८९३ हा वाद कृपया इथे कोणी काढू नका, भाऊ रंगारी आणि टिळक दोघंही वंदनीय आहेत.)

शनिपारकर
काका, खान चहा पितो हे मीही बघितलंय, मंडपाच्या मागनं :) पण फरक आहे ना. मंदिर फायबरचं आहे, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा सांगाडा ट्रकमध्ये भरला जातो. केळकरांकडचा अडकित्ता कोणीतरी खरंच सत्तरऐंशी वर्षं हातात धरलेला आहे. दांड्याला घोटून घोटून आलेली ती चकाकी आहे ना, ती कुठलाही आर्ट डायरेक्टर देऊ शकत नाही.

पितळी_डबा
मी एका म्युझियममध्ये अकरा वर्षं नोकरी केली, नाव घेत नाही, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

उघडं ठेवा म्हणणं सोपं असतं. भाद्रपदात पाऊस असतो. तीनशे माणसं आत आली तर तीनशे ओल्या छत्र्या येतात, आणि हवेत जो दमटपणा वाढतो तो बाहेरून येणाऱ्या माणसाला कळत नाही, पण कापडाला आणि कागदाला कळतो. जुनी पैठणी, चित्रकथीचे कागद, कातडी बाहुल्या यांना दमटपणा आणि उजेड दोन्ही सोसत नाही, एकदा रंग उडाला की तो परत आणता येत नाही, म्हणून त्या दालनांत दिवे मंद असतात आणि लोक म्हणतात काय अंधार करून ठेवलाय. पितळेचं तसं नाही. समया, वजऱ्या, अडकित्ते, पानदानं यांना उजेडाचं काही वाटत नाही, त्यांना त्रास हातांचा. घामाच्या बोटाचा ठसा पितळेवर तसाच राहतो, महिन्याभरानं काळा पडतो. गुलाल तर विचारूच नका, नक्षीत बसला की ब्रश घेऊन तासन्‌तास बसा.

आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही. आमच्याही घरी गणपती असतो हो. शिपाई, गार्ड, तिकिटवाली ताई, सगळ्यांच्या घरी आरती असते. मंडळाची पोरं हौसेनं जागतात, आम्हाला ड्युटी म्हणून जागायला लावणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत हजर.

बर्लिनची_मावशी
पितळी डबा ताई, तुमचं सगळं पटलं तरी एक सांगते. इथे बर्लिनला १९९७ पासून 'म्युझियमची लांब रात्र' असते, ऑगस्टच्या शेवटी शेवटी, म्हणजे बऱ्याचदा गणपतीच्याच आसपास. एक तिकीट काढायचं आणि संध्याकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत वाटेल त्या म्युझियममध्ये शिरायचं. एरवी म्युझियमचं नाव काढलं की जांभई देणारी कॉलेजची पोरं तेव्हा रात्री बाराला रांगेत उभी असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला इतकं आपलं देखावे बघण्यासारखं वाटलं ना, तसेच घोळके, तसंच चालून चालून पाय दुखणं, तसंच 'आता एक शेवटचं बघू आणि घरी जाऊ' आणि मग अजून तीन बघणं. रात्रीचं म्युझियम वेगळंच वाटतं, दिवसा तीच मूर्ती बघितली तर एवढं काही वाटत नाही.

पथकवाला
मावशी, ती एक रात्र आहे आणि तिकडे आधीच तिकीट काढून लोक येतात. इथे दहा दिवस आहेत आणि बाहेर फुकट आहे. बाहेर सगळं फुकट असताना तिकीट काढून आत कोण जाणार ते सांगा. आणि बिनतिकिटाचं केलं तर मग टॉयलेट!

लिंबूसरबत
मला या भांडणात दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात 😀 प्रश्न वेळेचा नाहीच आहे. मी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्यातल्या एका म्युझियममध्ये गेले होते (हे केळकर नाही, दुसरं), पहिल्या पाच मिनिटांत गार्डनं तीनदा हटकलं, हात लावू नका, बाळाला धरा, इकडून नाही तिकडून. पाट्या माझ्याच उंचीला वर होत्या, त्याला फक्त पेटीचा लाकडी तळ दिसत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं काय आवडलं, तर म्हणाला पंखा. असलं म्युझियम रात्री उघडा नाहीतर पहाटे, काय उपयोग?

उलट कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे ना, तिथे त्याला ओढून बाहेर काढावं लागलं. सगळं चालतं तिथे. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात, कोणीतरी समोर उभं राहून सांगतं. म्हणजे काका म्हणतात तसा देखावाच आहे तो, पण खऱ्या नादातून केलेला. लोकांना हलणारं आणि सांगणारं काहीतरी हवं असतं, हे मंडळांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं, म्युझियमवाल्यांना अजून कळायचंय.

पितळी_डबा
पाट्यांचं बरोबर आहे तुमचं, त्यावर आम्ही मीटिंगांमध्ये भांडलोय. पण सगळंच हलायला लागलं तर बघणार कधी?

वजरीचं उदाहरण देते. वजरी म्हणजे पाय घासायची, खालून खरखरीत, वर पितळेची मूठ. टाचांची मळ काढायची वस्तू! पण त्या मुठीवर कोणी मोर केलाय, कोणी मासा, कोणाच्या वजरीत घुंगरू, म्हणजे घासताना वाजणार. कोण बघणार होतं न्हाणीघरात? तरी केलं. ही गंमत कळायला त्या पेटीपुढे दोन मिनिटं गप्प उभं राहावं लागतं, आणि मागून पुढे सरका पुढे सरका झालं की ती दोन मिनिटं मिळत नाहीत. माझा विरोध रात्रीला नाही, रेट्याला आहे. एका प्रसिद्ध मंडळाच्या रांगेत मी चार तास उभी होते, दर्शन किती, तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तेच आत व्हायला नको.

कोथरूडकाका
ताई वजरी शब्द किती वर्षांनी वाचला. आमच्या आजीकडे होती, बदकाची. मोडीत गेली.

शनिपारकर
काका, हेच! बदक मोडीत गेलं आणि आपण फायबरचं पद्मनाभस्वामी बघतोय.

बरं, मी थोडा मागे येतो. सगळं म्युझियम नको. कापड आणि कागदाची दालनं बंदच ठेवा. फक्त एक खोली, पितळेची, दिवे आणि अडकित्ते आणि वजऱ्या. एका वेळी वीस माणसं, पंधरा मिनिटं, आत एकजण गोष्ट सांगणार. टोकन द्यायचं, नंबर येईपर्यंत नातूबागेचं लायटिंग बघा नाहीतर तुळशीबागेत जा. स्टाफला डबल पैसे आणि नंतर सुट्टी. पथकवाल्यांचं टॉयलेट महापालिकेनं बाहेर ठेवावं, फिरतं, ते तसंही ठेवायलाच पाहिजे.

बर्लिनची_मावशी
आणि केसरीवाडा विसरलात का सगळे? मानाचा पाचवा गणपती आणि टिळकांच्या वस्तू एकाच वाड्यात आहेत. मॅडम कामांनी १९०७ साली जर्मनीत, श्टुटगार्टला, भारताचा जो झेंडा फडकवला तो तिथे जपलाय, हे मला इथे जर्मनीत आल्यावर कळलं, आणि लहानपणी दरवर्षी मी त्या वाड्यात दर्शनाला जात होते! कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. गणपतीपुढे हात जोडून झाले की 'चला चला, पुढचा'.

पथकवाला
मावशी हे मलाही माहीत नव्हतं. आम्ही त्या वाड्यात वाजवलंय.

तरी माझं म्हणणं कायम. लोकांना आत ओढण्यापेक्षा वस्तू बाहेर काढा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बस काढलीये ना, म्युझियम ऑन व्हील्स, शाळांमध्ये आणि गावोगाव जाते. तशी एक बस अलका चौकात उभी करा. किंवा पाच मंडळांना पाच वस्तूंच्या प्रतिकृती द्या, मंडपाच्या बाजूला छोटी पेटी, शेजारी मंडळाचंच पोरगं सांगायला. आमच्या मंडळात मी बोलतो. लोक तसेही रांगेत तासभर उभेच असतात, तेवढ्यात एक समई बघतील.

लिंबूसरबत
हे भारीये. पण पाटी खाली लावा प्लीज, सहा वर्षांच्या उंचीला.

पितळी_डबा
प्रतिकृती चालेल, खरी वस्तू मंडपात नको. गर्दी, गुलाल, निरांजनाचं तेल, सगळंच. आणि शनिपारकर, तुमची एक खोली आणि वीस माणसं हे जमण्यासारखं आहे, निदान कागदावर तरी. फक्त छत्र्या कुठे ठेवणार ते अजून कोणी सांगितलं नाही.

शनिपारकर
छत्र्यांचं मी बघतो. आमच्या मंडळात चपला-स्टँडवर चार पोरं नुसती बसलेली असतात, त्यांना बसवू.

पितळी_डबा
चपला वेगळ्या. चपला गळत नाहीत हो.