ऑफिसच्या कीबोर्डचं काय ठरलं? (सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र)

ए-२०४ मॅडम: सेक्रेटरीसाहेब, खाली लावलेली नोटीस एकदा वाचा. ‘पाणीपुरवठा’चं ‘◌ाणीपुवठा’ छापलंय. आयुष्यभर फळ्यावर शुद्धलेखन शिकवलं आणि त्या कागदाखाली माझी सही आहे.

सेक्रेटरी: मॅडम, क्षमस्व. जुन्या कीबोर्डची वायर उंदराने कुरतडली म्हणून घरचा वायरलेस तात्पुरता लावलाय. तोच अक्षरं गाळतो.

ए-३०४ अण्णा: वायरचा घ्या. प्रश्न मिटला.

सी-२०१: सर, नुसता उंदीर नाही. परवा जुना कीबोर्ड उलटा केला तर स्पेसबारखालून शेंगाचटणी पडली. भाकरी तेवढी बाकी होती 😂

सेक्रेटरी: ऑफिसात कोण काय खातं ते मी बोलत नाही. बोलायला लावू नका.

बी-२०२ खजिनदार: विषयावर या. बजेट हजाराच्या आत. मी ब्लूटूथवाला सुचवतो, लॉजिटेकचा के-३८०. छोटा आहे, तीन उपकरणांना जोडता येतो. मुलगी पुण्यात वापरते.

सी-४०१: काका, तो हजारात बसायचा नाही. शिवाय आपल्या पीसीत ब्लूटूथच नाही, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागेल. आणि के-३८० ला नंबरपॅड नाही. मेंटेनन्सचे आकडे वरच्या ओळीतून मारत बसणार का तुम्ही?

बी-२०२ खजिनदार: ते लक्षात नव्हतं.

सी-४०१: २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाला (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर), नंबरपॅडसकट घ्या. डोंगल लावला की चालू, बायोसमध्येही, म्हणजे विंडोज उघडायच्या आधीच्या सेटिंगमध्येही चालतो. ब्लूटूथवाला विंडोज उघडेपर्यंत बहुतेक वेळा गप्प असतो.

ए-३०४ अण्णा: वायरचा घ्या. कवापासून सांगूलालोय.

बी-१०३ वहिनी: अण्णा, वायर परत उंदीरच खाणार ना?

ए-३०४ अण्णा: मग उंदराचं बघा की ओ! उंदीर आहे म्हणून वायर काढायची, उद्या लाइटीचीपण काढा.

ए-२०४ मॅडम: डोंगलवाल्यानेच तर माझं शुद्धलेखन घालवलं. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत आधी प दाबायचा, मग काना. प उडाला की काना बिचारा एकटाच टिंबांच्या गोलावर.

सी-४०१: मॅडम, डोंगल कुठे लावलाय ते मी बघितलं. सीपीयूच्या मागे, निळ्या म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये, शेजारी सीसीटीव्ही बॅकअपची हार्डडिस्क. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्येच येतो. कॉपी चालू असली की अक्षरं गळणारच. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर घ्या.

सी-२०१: म्हणजे वायरलेसला वायर लावायची. अण्णा जिंकले बे 🙏

ए-३०४ अण्णा: 👍 वायरचा घ्या.

बी-१०३ वहिनी: विषय निघालाच आहे तर, सी विंगचं टँकरचं पाणी आमच्या टाकीत कधी येणार?

सेक्रेटरी: वहिनी, त्याचा स्वतंत्र मेसेज करा.

बी-१०३ वहिनी: तीनदा केला. निळी टिक दिसते, पाणी दिसत नाही.

सी-४०१: एक महत्त्वाचं. ऑफिसच्या पीसीवरून नेटबँकिंग होतं. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं की काही स्वस्त वायरलेस कीबोर्ड टाइप केलेलं सगळं एनक्रिप्ट न करताच, म्हणजे सांकेतिक न करता उघडंच हवेत सोडतात. पासवर्डसुद्धा. तेव्हा नवी पेठेत कुठला तरी बिननावाचा उचलू नका. खोक्यावर एनक्रिप्शनचं लिहिलेलं बघा.

बी-२०२ खजिनदार: अरे बाप रे. मग बँकेचं काम मी घरूनच करतो.

सी-२०१: काका, घरी तर के-३८० असेल 😂

बी-२०२ खजिनदार: माझ्या घरी काय आहे ते तुला कुणी विचारलं? पार्किंगमध्ये दोन गाड्या लावतोस त्याचं आधी बोल.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको 🙏 चार्जिंगवाला की सेलवाला?

सी-४०१: सेलवाला. चार्जिंगची बॅटरी दोन-चार वर्षांनी दमली की अख्खा कीबोर्ड भंगारात. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात.

ए-२०४ मॅडम: आणि देवनागरी स्टिकर आणा. मला बघावं लागत नाही, पण मी नसले की सेक्रेटरीसाहेब एका अक्षरासाठी अख्खा कीबोर्ड धुंडाळतात.

सेक्रेटरी: मॅडम 🙏 ठरलं तर. डोंगलवाला, नंबरपॅड, सेल, एक्स्टेन्शन, स्टिकर. मी सोमवारी आणतो.

ए-३०४ अण्णा: एवढ्या पैशात वायरचे दोन आले असते.

बी-२०२ खजिनदार: आणा, पण पक्कं बिल सोसायटीच्या नावाने. ऑफिसच्या पंख्याचं बिल अजून मला मिळालेलं नाही.

सेक्रेटरी: ते मी तुमच्या हातात दिलंय.

बी-२०२ खजिनदार: कधी?

बी-१०३ वहिनी: आणि टँकर?