सिंकच्या नळाची मूठ फार जड फिरते; नळ न बदलता उपाय आहे का?

प्रश्न

आमच्या स्वयंपाकघरातील सिंकच्या नळाची मूठ गेल्या दोन महिन्यांपासून इतकी जड फिरते आहे की, संधिवाताने बोटे आखडलेली माझी आई पदराचे टोक मुठीभोवती गुंडाळून, दोन्ही हातांनी नळ बंद करते. नळ भिंतीत बसवलेला, पाव फेऱ्यात उघडणारा आणि सहा वर्षे वापरातला आहे. उन्हाळ्यात इमारतीला बोअरचे पाणी येते आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. मुठीच्या बुडाशी खोबरेल तेल सोडल्यावर दोनच दिवस फरक पडला. प्लंबर अख्खा नळ बदलायला सांगतो. परंतु थेंबभरही न गळणारा नळ फेकून देणे मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नळ बदलण्याची घाई करू नका. आधी अडकते आहे ते मुठीखाली की आतल्या स्पिंडलमध्ये (मुठीबरोबर फिरून पाणी चालू-बंद करणाऱ्या भागात), हे पाहावे लागेल. भिंतीतल्या नळाला सिंकखाली अँगल कॉक (त्या नळापुरते पाणी बंद करण्याची छोटी तोटी) नसतो, म्हणून स्वयंपाकघराच्या लाइनचा वॉल्व्ह बंद करून नळ उघडा ठेवा आणि स्क्रू जाळीतून खाली जाऊ नये यासाठी सिंकच्या भोकावर फडके दाबून ठेवा. मुठीवरची चकती बारीक टेस्टरने अलगद उचलली की खाली स्क्रू दिसेल; तो काढून मूठ सरळ वर ओढा. क्षारांमुळे ती चिकटली असेल, तर कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापड अर्धा तास गुंडाळून ठेवा, पण हातोडी मारू नका.

मूठ निघाल्यावर स्पिंडलचा दांडा पकडीने हलकेच फिरवून पाहा. तो सहज फिरला, तर दोष केवळ मुठीच्या आत साचलेल्या क्षारांचा आहे आणि जुन्या टूथब्रशने घासले की काम झाले. दांडाच जड असेल, तर पान्याने स्पिंडल सोडवून बाहेर काढा. त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांवरचे मूळचे ग्रीस धुऊन गेले किंवा मध्ये क्षार अडकले की मूठ जड होते. स्पिंडल तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, बुडबुडे येऊन थर सुटेल. चकत्या सुरीने खरवडू नका, कारण एक ओरखडाही गळतीला पुरतो. नंतर पिण्याच्या पाण्यासाठी चालणारे सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली मात्र पुन्हा वापरू नका. त्यांनी काही जातींचे रबर फुगते आणि मूठ आणखी घट्ट होते.

प्रतिसाद २

वरील उत्तराला एक कळकळीची पुस्ती जोडतो. थर लवकर निघावा म्हणून मी एकदा संडास साफ करण्याचे ॲसिड नळावर ओतले आणि पंधरा मिनिटांत क्रोमची चकाकी जाऊन खालचे पितळ उघडे पडले. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून वापरावे, परंतु तेही रात्रभर ठेवू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दांडाच जड होता आणि स्पिंडल काढल्यावर त्याच्या बुडाचे रबर फुगून बाहेर आलेले दिसले. जुना स्पिंडल दुकानात नेऊन, दांड्यावरचे दाते मोजून, तसाच नवा आणला. मूठ आता हलकी फिरते, मात्र नळ बंद असताना ती तिरकी राहते. स्पिंडल चुकीचा आला आहे का?

प्रतिसाद १

नळ पूर्वीच्याच दिशेने बंद होत असेल, तर स्पिंडल बरोबर आहे. उलट दिशेने होत असेल, तर तो दुकानातून बदलून, पूर्वीच्या दिशेने बंद होणारा घ्या. केवळ तिरकेपणा असेल, तर स्क्रू काढून मूठ वर ओढा, नळ बंद स्थितीत ठेवा आणि मूठ एक-दोन दाते सरकवून पुन्हा बसवा. यासाठी पाण्याचा वॉल्व्ह बंद करण्याचीही गरज नाही. स्क्रू बेताचाच आवळा.