माहितीपटाची दुसरी बाजू

तेलप्रदूषणावरच्या माहितीपटांबद्दल एक मत असतं: ‘महोत्सवात लोक डोळे पुसतात, तेलाखाली गेलेल्या गावात मात्र ढिम्म काही हलत नाही’. ते मला अर्धंच पटलं. हलतं, पण कधीकधी भलत्याच दिशेने.

‘क्रूड’चं उदाहरण घ्या. इक्वाडोरच्या लागो आग्रिओ भागात टेक्साको या अमेरिकी तेलकंपनीने जंगलात उघडे खड्डे खणून तेलाचा गाळ आणि सांडपाणी सोडलं. वरून माती, गवत. हातमोजा घालून थोडं उकरलं की काळा चिकट गाळ हाताला लागतो. याविरुद्ध स्थानिकांनी भरलेल्या खटल्यावर दिग्दर्शक जो बर्लिंजर यांनी २००९मध्ये हा माहितीपट आणला. पुढच्याच वर्षी शेव्हरॉन या तेलकंपनीने (टेक्साको तोवर त्यांच्याच पोटात गेली होती) न्यायालयामार्फत न वापरलेलं चित्रीकरण मागितलं. एकूण सुमारे ६०० तास! पत्रकार म्हणून मिळणारं संरक्षण बर्लिंजर यांना न्यायालयाने का नाकारलं, ते वाचण्यासारखं आहे: चित्रपटाची कल्पना फिर्यादींच्या वकिलाने सुचवलेली, शिवाय फिर्यादींच्या बाजूच्या सांगण्यावरून एक प्रसंग कापलेला. अपिलात मागणी थोडी आवरली गेली, पण मिळालेली दृश्यं पुढे त्याच वकिलाविरुद्ध वापरली गेली. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने इक्वाडोरमधला, शेव्हरॉनविरुद्धचा अब्जावधी डॉलरच्या भरपाईचा निकाल फसवणुकीने मिळवलेला ठरवला. गाळ खोटा होता असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

म्हणून मला तो कापलेला प्रसंगच जास्त खटकतो. पीडितांची बाजू जरूर घ्या, पण संकलनाच्या टेबलावर त्यांच्या वकिलाला बसवू नका.