मदत हवी आहे: पिप म्हणतं पांडाज आहे, पायथन म्हणतं नाही

नमस्कार मंडळी,

तीन दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे, म्हणून इथे विचारते. मी कळव्याला राहते, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब बघते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून दोनच महिने झालेत, तेही रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर. आत्ता ठाण्याहून गाडीत बसल्या बसल्या फोनवरून लिहितेय, त्यामुळे आज्ञा देवनागरीतच लिहिल्या आहेत, समजून घ्या.

आमच्याकडे रोजच्या आवकेची एक्सेल शीट वेगळी असते. कुठल्या शेतकऱ्याच्या किती गोण्या, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा करून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या पैशांचा हिशेब. महिनाअखेरीला सगळ्या शीट एकत्र करून नावानिशी बेरीज काढावी लागते आणि ते मी आजवर हाताने कॉपी-पेस्ट करत आले. मागच्या महिन्यात एका दिवसाची शीट चिकटवायची राहून गेली. ओतूरच्या एका काकांचा फोन आला, “मॅडम, माझ्या चाळीस गोण्या कुठं गेल्या?” गोण्या सापडल्या, पण दोन दिवस त्यांच्या जिवाला घोर लागला. तेव्हाच ठरवलं की ही बेरीज आता हाताने करायची नाही.

तर प्रोग्रामची पहिलीच ओळ आहे ‘इम्पोर्ट पांडाज ॲज पीडी’. पांडाज म्हणजे तक्त्यांची कामं करणारं पायथनचं तयार पॅकेज (मोड्यूल). व्हीएस कोडमध्ये (मी प्रोग्राम लिहिते ते ॲप) रन केलं की लाल अक्षरांत येतं, ‘मोड्यूलनॉटफाउंडएरर: नो मोड्यूल नेम्ड पांडाज’. आणि काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, पॅकेज बसवणाऱ्या पिपला ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ दिलं की उत्तर येतं, ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. चार वेळा काढून परत टाकलं, लॅपटॉप बंद-चालू केला, काही फरक नाही. दोघांपैकी खरं कोण बोलतंय?

ऐरोलीकर:
ताई, दोघंही खरं बोलतायत. ‘ऑलरेडी सॅटिस्फाइड’ची ओळ शेवटपर्यंत वाचा, पुढे फोल्डरचा पत्ता असतो. त्यात पायथनच्या पुढे कुठला आकडा दिसतो? आणि व्हीएस कोडमध्ये तुमची फाईल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात कुठला आकडा दिसतो?

धागाकर्ती:
गाळ्यावर पोचल्या पोचल्या बघितलं. पिपच्या ओळीत ‘पायथन३११’ आहे. व्हीएस कोडच्या कोपऱ्यात ३.१२. भाच्याने लॅपटॉप देताना एक पायथन टाकून दिला होता, मग व्हिडिओत बघून मी आणखी एक टाकला. दुसरा टाकला की पहिला आपोआप जातो असंच मला वाटत होतं.

ऐरोलीकर:
नाही जात. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येकीचं ‘साइट-पॅकेजेस’ नावाचं फोल्डर वेगळं असतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर माल एका गाळ्यात उतरवलात आणि शोधताय शेजारच्या गाळ्यात. नुसतं ‘पिप’ लिहिलं की ते कुठल्या पायथनचं आहे ते कळत नाही, म्हणून पायथनचं नाव घेऊनच पिप चालवायचं: ‘पाय डॅश३.१२ डॅशएम पिप इन्स्टॉल पांडाज’. विंडोजवर ‘पाय डॅश०’ दिलंत की किती पायथन बसलेत त्याची यादीच येते. पुन्हा कधी शंका आली तर प्रोग्रामच्या वरच ‘इम्पोर्ट सिस’ आणि ‘प्रिंट सिस डॉट एक्झिक्युटेबल’ लिहा. प्रोग्राम कोण चालवतंय त्याचा पूर्ण पत्ता मिळेल.

कोपरखैरणेकर:
थोडं अवांतर, पण पुढे उपयोगी पडेल. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव दर वेळी एकच असेल असं नाही. पिलो नावाचं पॅकेज टाकायचं आणि इम्पोर्ट ‘पीआयएल’ करायचं, सायकिट-लर्न टाकायचं आणि इम्पोर्ट ‘एसकेलर्न’. माझे यात दोन दिवस गेले होते. शिवाय जुन्या लेखांत ‘नो मोड्यूल नेम्ड’च्या आधी नुसतं ‘इम्पोर्टएरर’ दिसेल. ‘मोड्यूलनॉटफाउंडएरर’ हा त्याचाच पोटप्रकार, २०१६ मध्ये ३.६ बरोबर आला. तेव्हा त्या लेखांतली उत्तरं तुमच्याही कामाची आहेत.

धागाकर्ती:
पांडाज ३.१२ मध्ये बसलं! पण आनंद पाच मिनिटंच टिकला. नुसतं पांडाज चालतंय का ते बघायला एक छोटी फाईल केली, तर आता म्हणतं, ‘पार्शली इनिशियलाइज्ड मोड्यूल पांडाज हॅज नो ॲट्रिब्यूट रीड_एक्सेल’, आणि पुढे सर्क्युलर इम्पोर्ट असं काहीतरी.

ऐरोलीकर:
त्या छोट्या फाईलचं नाव काय ठेवलंत?

धागाकर्ती:
पांडाज डॉट पीवाय.

ऐरोलीकर:
तेच कारण. इम्पोर्ट म्हटलं की पायथन आधी तुमची फाईल असलेल्या फोल्डरमध्येच शोधतं, साइट-पॅकेजेसचा नंबर नंतर लागतो. तिथे त्याला तुमचीच पांडाज सापडली, म्हणजे फाईल स्वतःलाच इम्पोर्ट करत बसली. नाव बदला, ‘आवक_चाचणी’ वगैरे काहीही ठेवा. जुन्या नावाची प्रत त्या फोल्डरमध्ये उरलेली नाही ना, तेवढं बघा. रॅन्डम, ईमेल, कॅलेंडर ही नावंही फाईलला देऊ नका, ते पायथनचे स्वतःचे मोड्यूल आहेत.

धागाकर्ती:
नाव बदललं. मग तिसरी एरर आली, ‘मिसिंग ऑप्शनल डिपेंडन्सी ओपनपायएक्सएल’, म्हणजे एक्सेल फाईल वाचायला पांडाजला लागणारं दुसरं पॅकेज नाही. ही मात्र मी स्वतः सोडवली. ओळ शेवटपर्यंत वाचली, काय टाकायचं ते तिथेच लिहिलं होतं, आणि ‘पाय डॅश३.१२ डॅशएम पिप’ वापरूनच टाकलं.

दुपारी मार्केट शांत झाल्यावर मागच्या महिन्याच्या सव्वीस शीट दिल्या. ओतूरच्या काकांच्या नावापुढे त्या चाळीस गोण्या धरून बेरीज आली. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा ताडून बघितली, पैशापर्यंत जुळली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. एकच विचारायचं राहिलं, जुना ३.११ काढून टाकू का?

ऐरोलीकर:
तो टाकून देणाऱ्या भाच्याला आधी विचारा, त्याचं एखादं काम त्यावर चालत असेल. राहिला तरी अडचण नाही. या पट्टीच्या फोल्डरसाठी मात्र एक वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे फक्त त्याच्यापुरता पायथन आणि पॅकेजेसचा स्वतंत्र संच, करून घ्या. त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पाय डॅश३.१२ डॅशएम व्हेन्व पट्टी’ द्या, मग व्हीएस कोडमध्ये ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’ला (कुठला पायथन वापरायचा ते ठरवायची जागा) जाऊन तेच निवडा. नव्याने उघडलेल्या टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला कंसात पट्टी असं दिसलं की पांडाज आणि ओपनपायएक्सएल तिथे पुन्हा टाका, कारण नवं एन्व्हायर्नमेंट रिकामं असतं. उद्या तिसरा पायथन आला तरी या फोल्डरचा हिशेब हलणार नाही.

धागाकर्ती:
आज रात्री घरी गेल्यावर करते. अडलं तर याच धाग्यावर लिहीन.