कम्युनिटी कॉलेज: ऑनर्स प्रोग्राम घ्यावा की फाय थीटा कॅपा?

जुळे सोलापूरकर: धाकटी बहीण कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं कॉलेज) आहे, पुढे यूसीएलएला (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) ट्रान्सफर घेऊन जायचंय. फाय थीटा कॅपा या हुशार विद्यार्थ्यांच्या मानद संस्थेचा ईमेल आलाय, पैसे मागतात. फसवणूक तर नाही ना? ऑनर्स वेगळं असतं का?

विजापूर वेस: संस्था खरी आहे, १९१८ सालची. दोन वर्षांच्या कॉलेजांसाठीच. साधारण १२ क्रेडिट आणि ३.५ च्या आसपास जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) लागतो, नेमका आकडा कॉलेजची शाखा ठरवते. फी एकदाच. तरी ईमेलमधल्या लिंकवरून भरू नका, आधी कॉलेजमधल्या सल्लागाराला विचारा. आणि नुसतं सभासदत्व अर्जात एका ओळीपुरतं. खरा उपयोग ट्रान्सफर स्कॉलरशिपचा, म्हणजे पुढच्या विद्यापीठात जाताना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा. त्यांच्या तारखा चुकल्या की फी वाया.

सात रस्ता: ऑनर्स म्हणजे आपल्याकडची चार वर्षांची पदवी नव्हे. तिथे काही विषय ऑनर्स वर्गात घ्यायचे, किंवा साध्याच वर्गात प्राध्यापकांशी लेखी करार करून जादा प्रबंध करायचा. फॉर्म सत्राच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो. राहिला, तर काम करूनही ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) नोंद नाही! यूसीएलएसाठी कॉलेज 'टॅप'मध्ये (ट्रान्सफर अलायन्स प्रोग्राम, कॉलेजांच्या ऑनर्स प्रोग्रामशी जोडलेली यूसीएलएची योजना) आहे का पाहा. ऑनर्स पूर्ण करून टॅपचं प्रमाणपत्र मिळालं तर प्रवेशात प्राधान्य, हमी नाही. इंजिनिअरिंगला लागू नाही.

जुळे सोलापूरकर: इंजिनिअरिंग नाही, अर्थशास्त्र. मग आधी टॅपचंच विचारायला सांगतो.