किंग लिअर दीड तासात बसवतोय, नोकरांना कात्री लावू का?

तालीमवाला:
मंडळी, आमच्या हौशी ग्रुपचं शेक्सपिअरचं किंग लिअर चाललंय. पहिलं वाचन केलं तर पावणेतीन तास भरले आणि हॉल मिळतोय दीड तास, त्यात माणसं दहाच. दिग्दर्शक म्हणतो राजा लिअर, त्याच्या तीन मुली गॉनरिल, रीगन न् कॉर्डेलिया, सरदार ग्लॉस्टर, त्याची दोन पोरं एडगर न् एडमंड, लिअरचा इमानी केंट, विदूषक, रीगनचा नवरा कॉर्नवॉल एवढेच ठेवू, बाकी नोकर-निरोपे सगळे उडवू. मला पटत नाहीये पण का ते धड सांगताही येत नाहीये. ग्लॉस्टरचे डोळे काढतात तिथला तो नोकर, त्याला तर नावसुद्धा नाही, जेमतेम आठ-दहा ओळी. ठेवायचा का?

विंगेतून:
बाकी काय वाटेल ते कापा, त्याला हात लावू नका. कॉलेजात मी केलाय तो रोल, दीड-दोन तास विंगेत बसायचं आणि दोन मिनिटं स्टेजवर. तिसरा अंक, सातवा प्रवेश. खुर्चीला बांधलेल्या ग्लॉस्टरचा एक डोळा कॉर्नवॉलने काढलाय, रीगन म्हणते दुसराही काढ, आणि इतका वेळ हुकमाप्रमाणे खुर्ची धरून उभा असलेला हा गडी म्हणतो, हात आवरा सरकार, लहानपणापासून तुमची चाकरी केली पण आत्ता तुम्हाला थांबवतोय याहून मोठी चाकरी केली नाही. नाटकात ड्यूक न् अर्ल ढिगाने, तिथे तलवार घेऊन आडवा कोण येतो तर हा. रीगन मागून वार करते, संपला. खुर्चीवरचा हात किती वेळाने सोडायचा यावर आमची एक अख्खी तालीम गेली होती.

पत्रव्यवहार:
भावना ठेवा बाजूला, त्याच्याशिवाय कथानकच पुढे सरकत नाही. कॉर्नवॉल त्या नोकराने केलेल्या जखमेनेच मरतो, म्हणून रीगन विधवा होते, म्हणून एडमंडशी लग्नाला मोकळी, म्हणून गॉनरिल जळून बहिणीला विष घालते. नोकर काढलात तर कॉर्नवॉलला काय हार्ट अटॅक देणार? गॉनरिलचा कारभारी ओस्वाल्ड, त्याचंही तेच, एडगर त्याला मारतो तेव्हा गॉनरिलचं एडमंडला लिहिलेलं पत्र सापडतं आणि दोघांचं बिंग फुटतं. पण पत्र कसंही सापडू शकतं, ओस्वाल्ड गेला तरी चालेल. तसाही डोक्यात जातो.

क्वार्टोवाला:
मी थोडा कापायच्या बाजूने. १६०८ च्या क्वार्टोत, म्हणजे नाटकाच्या पहिल्या छापील आवृत्तीत, त्या सीनच्या शेवटी उरलेले दोन नोकर बोलतात, एक जण ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला जवसाचं सूत आणि अंड्यातला पांढरा बलक आणायला निघतो. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात, हे बोलणं नाहीच. दिग्दर्शक पीटर ब्रुकनेही १९६२ च्या प्रयोगात ते गाळलं, प्रेक्षकाला तेवढाही दिलासा नको म्हणून. आणि कापाकापीचं म्हणाल तर नाहूम टेट या नाटककाराने १६८१ मध्ये आख्खा विदूषकच काढला, वर शेवट गोड केला! नट मॅक्रेडीने १८३८ ला विदूषक परत आणला तोवर दीडशेच्या वर वर्षं लोकांनी लिअर त्याच्याशिवायच बघितला.

विंगेतून:
@क्वार्टोवाला ब्रुक असेल मोठा, पण अंडं मला हवंच. एवढं भयंकर झाल्यावर त्याच घरात कुणीतरी अंडं शोधायला जातंय, काय लिहिलंय राव. अर्धा मिनिट लागतो फक्त.

तालीमवाला:
दिग्दर्शकाला वाचून दाखवलं सगळं. हार्ट अटॅकवर हसला आणि नोकर राहिला. ओस्वाल्ड गेला. अंड्यावर अजून भांडण चालूय, दोन माणसं कुठून आणू. नोकर कॉर्डेलियावालीच करणार टोपी घालून, पहिल्या प्रवेशानंतर चौथ्या अंकापर्यंत तिला तसंही काम नाही.

पत्रव्यवहार:
अहो पण लोकांना वाटेल कॉर्डेलियाच वेष बदलून आली!

तालीमवाला:
वाटू दे की. केंट न् एडगर अख्खं नाटक दुसरं काय करतायत 😀 आता कुणाकडे जड लाकडी हाताची खुर्ची असेल तर सांगा, आमच्याकडे सगळ्या प्लास्टिकच्या.