अपघातस्थळी पहिल्या काही तासांत कोणता पुरावा हातचा जातो?

दूरदृष्टी

रात्री गाडी घसरते आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर वाहतूक सुरू झाल्याची बातमी येते. तोवर क्रेनने डबे बाजूला केलेले असतात, नवे रूळ टाकलेले असतात. मग रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशीला बसतात तेव्हा त्यांच्या हाती उरतं काय? दोष रुळाचा, चाकाचा की वेगाचा, हे कशावरून ठरतं? विमान आणि जहाजाच्या बाबतीतही हीच अडचण येते का? कायद्याची कलमं नकोत. जागेवर काय नोंदवतात आणि कुठे चुकतं, ते जाणकारांनी सांगावं.

फिशप्लेट

जखमींना बाहेर काढणं पहिलं, त्यात दुमत नाही. पण बचावकार्य आटोपल्यापासून क्रेन पहिला डबा उचलेपर्यंतचा वेळ चौकशीचा असतो. तो गेला की गेला.

आधी शोधायची ती चाक रुळावर चढल्याची जागा. आडव्या पडलेल्या डब्यांपाशी ती मिळत नाही. गाडी ज्या दिशेने आली तिकडे मागे चालत जायचं. रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर चाकांचे घाव दिसत राहतात. ते जिथे थांबतात तिथून रुळाचा माथा वाकून बघायचा. फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, चढली असेल तर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे तिरकी गेलेली बारीक, चकचकीत रेघ सापडते. ती सुरू होते तो ‘पॉइंट ऑफ माउंट’ आणि चाक खाली उतरतं तो ‘पॉइंट ऑफ ड्रॉप’. रेघ लांब असेल तर चाक सावकाश चढलंय, म्हणजे रूळ आणि चाक दोन्ही तपासायचे. तोकडी असेल किंवा नसेलच तर काहीतरी आडवं आलं का, डब्याचा लोंबता भाग अडकला का, ते बघायचं. रेघ नाही आणि चाक दोन रुळांच्या मधे पडलंय, तर गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, फाकल्याचा संशय घ्यायचा. पावसात ही रेघ एका रात्रीत गंजून पुसट होते आणि मदतगाडी वरून गेली की विषयच संपतो. म्हणून खडूने खूण, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, आणि शक्य असेल तर तेवढा रूळ कापून वेगळा ठेवायचा.

चढल्याच्या जागेला शून्य क्रमांक द्यायचा. तिथून मागे दर ३ मीटरवर उणे एक, उणे दोन अशा खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर गेज आणि दोन रुळांच्या उंचीतला फरक मोजायचा. वळण असेल तर व्हर्साइनही, म्हणजे रुळाचा बाक. उणे तीनवर डावा रूळ ६ मिमी वर आणि उणे दोनवर ५ मिमी खाली असेल, तर ३ मीटरमध्ये ११ मिमीचा पीळ पडला, म्हणजे मीटरला ३.६७ मिमी. रिकाम्या वाघिणीला हा पीळ जास्त बाधतो, कारण भार कमी आणि स्प्रिंगा ताठ, त्यामुळे एक चाक जवळजवळ अधांतरी राहतं. इथे नेहमीची चूक होते ती रिकाम्या रुळावर मोजून मोकळं होण्याची. स्लीपरखालची खडी पोकळ असेल तर रूळ स्वतःच्या ताठपणाने वर राहतो आणि मोजमाप निर्दोष येतं. जिथे जमेल तिथे इंजिन किंवा वाघीण उभी करून भाराखालीही मोजायलाच हवं.

वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगावरून बोट फिरवून ग्रीस लागतं का, तेही लिहून ठेवा. फ्लँजचा उतार २.५ ला १ आणि घर्षणांक ०.२५ धरला, तर चाक कधी चढेल ते सांगणाऱ्या नदालच्या सूत्राने आडवा जोर उभ्या भाराच्या १.३८ पट होईपर्यंत चाक चढत नाही. घर्षणांक ०.५ धरला की ही मर्यादा थेट ०.८९ वर येते. कोरडा रूळ एवढा फरक पाडतो, आणि नोंद मात्र क्वचितच होते.

चाकांची झीज मोजायला टायर डिफेक्ट गेज हे साधन लागतं. फ्लँजची जाडी १६ मिमीपेक्षा कमी, उंची ३५ मिमीपेक्षा जास्त, टोकाची त्रिज्या ५ मिमीपेक्षा कमी किंवा चाकाच्या पृष्ठभागाला ५ मिमी खळगा, यातलं काहीही असलं तर चाक बाद. मोजणी डबा उचलण्याआधी करा आणि असलेल्या घावांना रंग लावून ठेवा. क्रेनच्या साखळीचे ओरखडे नंतर ‘अपघातातले’ म्हणून अहवालात शिरतात.

आणि एक: ट्रॅक, कॅरेज-वॅगन, लोको, ट्रॅफिक, सिग्नल अशा सगळ्यांचे सुपरवायझर एकाच कागदावर सही करतात. जॉइंट नोट ती हीच. ज्याला पटत नाही त्याने तिथेच कारणासह असहमती लिहायची. आठवड्याने आलेल्या वेगळ्या आकड्यांना वजन राहत नाही.

दूरदृष्टी

फार उपयोगी. रूळ तुटलेला सापडला तर तो आधी तुटला की डबे आदळून, हे कसं कळतं?

फिशप्लेट

तुटलेल्या दोन टोकांपैकी पुढचं टोक बघायचं, म्हणजे चाक ज्याच्यावर येऊन आदळतं ते. ते ठोकून ठेचल्यासारखं झालं असेल तर तुटल्यावरही त्यावरून चाकं गेलीत. भंगाच्या पृष्ठभागावर काळपट, गंजलेला डाग असेल तर भेग जुनी. सगळा भाग चंदेरी आणि दाणेदार असेल तर ताजा भंग. त्यामुळे तुकडे वेचून क्रमाने लावावेच लागतात. इंग्लंडमध्ये हॅटफिल्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी रुळाचे सुमारे ३५ मीटरमध्ये ३०० हून अधिक तुकडे झाले होते. रुळाच्या आतल्या कोपऱ्यावरच्या भेगा हे कारण त्या तुकड्यांनीच दाखवलं. भंगाला हात लावू नका, तारेच्या ब्रशने साफ तर मुळीच करू नका.

सुकाणू

जहाजावर अडचण उलटी. टक्कर झाली तरी जहाज बहुधा तरंगत असतं, वीज चालू असते आणि व्हीडीआर (प्रवासाचा डेटा आणि बोलणं टिपणारं यंत्र) जुन्यावर नवं लिहीत राहतो. जुन्या यंत्रांत फक्त १२ तास राहतात. १ जुलै २०१४ पासून बसवलेल्या यंत्रांच्या कॅप्सूलमध्ये ४८ तास आणि आतल्या साठ्यात ३० दिवस. कॅप्टन माणसं वाचवण्यात गुंतलेला असतो, म्हणून ‘सेव्ह’ कोणी दाबायचं ते आधीच नेमून द्यावं. दाबल्यावर खरंच जतन झालं का तेही बघावं. ब्रिजवरच्या (जहाज चालवतात त्या खोलीतल्या) माइकमध्ये नुसती घरघर आल्याने आवाज निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो.

एक्डिस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशा, बंद करण्याआधी पडद्याचा फोटो घ्या: सेफ्टी कंटूर (सुरक्षित खोलीची सीमारेषा) किती ठेवला होता, कोणते अलार्म बंद होते. कागदी नकाशावरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. बंदराच्या रडारचं आणि व्हीएचएफ रेडिओचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी लेखी मागा. दोन्ही जहाजांच्या बाहेरचा तो साक्षीदार आहे.

१ ऑक्टोबर २०१५ ला ३३ जणांसह बुडालेल्या एल फारो या मालवाहू जहाजाचा व्हीडीआर पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे ४,६०० मीटर खोलीवरून काढला. त्यात ब्रिजवरचं २६ तासांचं बोलणं मिळालं. समुद्रातून काढलेला रेकॉर्डर गोड्या पाण्यात बुडवूनच प्रयोगशाळेत न्यायचा. वाळू दिला तर क्षार आत गंज धरतो.

धावपट्टी

विमान सुखरूप उतरलं तरी धोका तोच. अलास्का एअरलाइन्सच्या १२८२ क्रमांकाच्या विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला प्लग ५ जानेवारी २०२४ ला हवेत निखळला. विमान परतलं, पण कॉकपिट रेकॉर्डरचा सर्किट ब्रेकर वेळेत ओढून त्याची वीज तोडली नाही आणि २ तासांच्या चक्रात सगळा आवाज पुसला गेला.

अवशेषांवर किती विसंबायचं, याचं उदाहरण अहमदाबादचं आहे. १२ जून २०२५ च्या विमान अपघातात दोन्ही थ्रस्ट लिव्हर (इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे) मागे, आयडलजवळ म्हणजे किमान जोराच्या जागी सापडले. रेकॉर्डरमध्ये मात्र आदळेपर्यंत ते पुढेच होते, असं प्राथमिक अहवालात आहे. आघात आणि आग या दोन्हींनी लिव्हर आणि स्विच हलू शकतात. म्हणून जागा नोंदवायची जरूर, पण रेकॉर्डरशी पडताळल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. आगीनंतर टाक्यांत इंधन क्वचितच उरतं, त्यामुळे ज्या बाउझरमधून (इंधनाच्या टँकरमधून) आणि टाकीतून ते भरलं तिथले नमुने लगेच सील करतात. अहमदाबादला विमानातून फारच थोडे नमुने मिळाले. भरणाऱ्या बाजूचे तपासले, ते ठीक निघाले.

इंटरलॉक

सिग्नलचंही सांगतो. २ जून २०२३ ला बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला, पण १७ए हा सांधा (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) बाजूच्या लूप लाइनसाठी लागलेला होता. स्टेशनमधल्या पॅनलवर बघून हे कळलं नसतं, तिथे सांधा सरळच दिसत होता. चौकशीत सिग्नल गुमटीत (रुळाकाठच्या सिग्नल यंत्रणेच्या खोलीत) पूर्वी केलेला आणि फाटकाच्या कामातला वायरिंगचा बदल सापडला. त्यामुळे अशा वेळी रुळाकाठचे वायरिंगचे लोकेशन बॉक्स आणि सिग्नलची रिले रूम आधी सील करायची. कोणती वायर कोणत्या टर्मिनलवर, त्यावरचं लेबल काय आणि मंजूर नकाशा काय सांगतो, हे तिन्ही ओळीने लिहायचं. दुरुस्तीवाल्याने ‘फक्त एक वायर नीट केली’ तरी पुरावा गेला.

सिग्नलच्या घडामोडी नोंदवणारा डेटा लॉगर, इंजिनचा स्पीड रेकॉर्डर आणि स्टेशनचा सीसीटीव्ही यांची घड्याळं क्वचितच जुळतात. डेटा उतरवताना प्रत्येकाची वेळ जीपीएसच्या वेळेशेजारी ठेवून एकाच फोटोत घ्या, सेकंदासह फरक लिहा आणि मगच कोणाला घड्याळ जुळवू द्या. ४० सेकंदांचा फरक नोंदवायचा राहिला तर सिग्नल आधी पडला की गाडी आधी गेली, हा क्रमच उलटा लागतो.